बकारामचा निरोप आणि माझी चाल

८ डिसेंबर
आजपासून रोज चालणे. निश्चय पक्का. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली. न्यूमोनियापायी गळ्यात नळी बसली म्हणून पाय काही नळीचे झाले नाहीत. नळीवर जांभळं टोपण लावलं की झालं. त्याला बोलायचा व्हॉल्व म्हणतात. श्वास नळीतून आत जातो, पण बाहेर तोंडावाटे पडतो, म्हणून आवाज फुटतो.
टार्गेट : सौंदड स्टेशन, जाऊन-येऊन, न थांबता. ते जमलं की त्याच दिवशी केशोरीची बस. बकारामच्या घरी जायचंय.
आज पिंपळापर्यंत. धुकं होतं म्हणून परतलो. थकवा शून्य.

९ डिसेंबर, सकाळी
बकाराम वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर होता. त्याच्याही गळ्यात नळी. महिनाभर दोघं हातवारे करून भांडलो. त्याला व्हॉल्व एकदाच लावून पाहिला, धानकापणीच्या दिवसांत, एका दुपारी. तो बोलला. व्हॉल्व लावणाऱ्या फिजिओ रीता मॅडम मशीनचे आकडे बघत होत्या, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मला आलं. त्याची बायको रुख्मा कापणीला गावी गेली होती. ती परत यायच्या आत तो गेला.
मॅडमनं तिला सांगितलंय की ते शेवटचं गुरुजींनी ऐकलं. आज तिचा पुन्हा फोन आला. उचलला नाही. व्हॉल्व धुवायला काढला होता. खरंच काढला होता.

११ डिसेंबर
व्हॉल्व न लावता निघालो. मागे कोणीतरी श्वास घेत चालत होतं. ओला श्वास, शेवटी शिट्टी. हुबेहूब बकाराम. मी थांबलो की तोही थांबून श्वास हळू करायचा.
भूतबित मी मानत नाही. पोरांना मसणवटीतून क्रॉसकंट्री पळवलेला माणूस आहे. मागे वळून पाहिलं नाही, कारण मान वळवली की नळी टोचते. घरी फास्ट आलो. स्पीडचा सराव झाला.
सुखवंता म्हणाली, "तुमच्याच नळीचा आवाज होय जी. मी रोजच ऐकून राहिली." बायको आहे, काहीतरी बोलणारच.

१४ डिसेंबर
गोंदियाला चेकअप. रीता मॅडमनं कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. एकदा व्हॉल्व लावून, मग आराम, मग व्हॉल्व काढून. व्हॉल्व लावून रेकॉर्ड होणार अशी खात्री होती. उलट अंतर कमीच भरलं.
मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, व्हॉल्व का दोष नहीं. तुम्ही पूरा टाइम बोलत होते." मी फक्त बाकीच्या पेशंटना चालायचं टेक्निक सांगत होतो.
बकारामच्या खाटेवर नवा माणूस आहे. त्यानं मला हात केला. चष्मा नव्हता, त्यामुळे दिसलं नाही.

१७ डिसेंबर
बकारामच्या निरोपाचा ड्राफ्ट केला. खोटं नाही, फक्त सुधारून. 'रुख्मा, खचू नकोस. शेती सांभाळ. पुढच्या जन्मी भेटू.' पुढचा जन्म खोडला, जास्त वाटत होता.
व्हॉल्व लावून आरशासमोर प्रॅक्टिस केली. आवाज माझा नव्हता. बसका, ओला. ओठ मात्र माझेच हलत होते. आरशावर टॉवेल टाकला. धूळ फार बसते.

२० डिसेंबर
टार्गेट रिवाइज. स्टेशनऐवजी शाळेचं फाटक. केशोरी संक्रांतीनंतर. थंडी नळीला वाईट.

२१ डिसेंबर
रुख्मा स्वतःच आली. बसमधून उतरून पायी. "फोन कायले नाही उचलत गुरुजी?"
ड्राफ्ट म्हणून दाखवला. चांगला झाला. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "हे त्यायचं बोलनं नाही. त्यायनं मले जिंदगीत नावानं हाक नाही मारली."
मग खरं सांगावं लागलं. "'पंखा बंद कर वं, थंडी लागून राहिली.' एवढंच बोलला." मॅडमला 'वं' म्हणून असं अगंतुगं बोलला याची मलाच लाज वाटत होती, म्हणून नव्हतो सांगत.
"वं म्हनाले?"
"हो."
"मंग ते मॅडमले नाही. मले म्हनाले." ती पिशवी उचलून उठली. "मी बाजूले हाव असं वाटलं असन त्यायले."

२१ डिसेंबर, संध्याकाळी
बसस्टॉपपर्यंत पोचवून देतो म्हणालो. वाटेत पीटी आणि फुप्फुसं या विषयावर बोलत होतो. नाल्याच्या पुलावर श्वास संपला. तिनं मला कठड्यावर बसवलं.
"त्यायचं बोलनं अजून एकदा म्हना जी," ती म्हणाली.
छातीत हवाच नव्हती. ती थांबली. केशोरीची बस समोरून निघून गेली, तरी थांबली. मग मी म्हणालो. त्याच्यासारखं जमलं नाही.
तिनं मान डोलावली, आणि कोपराला धरून मला घरी आणलं.