पाळणाघर बंद होण्याआधीची गाणी

रविवार, २ फेब्रुवारी
सहा जणी! लाँड्रीत तीन पाळ्या मिळून शंभरच्या वर बायका आणि ऑनलाइन गाण्याच्या बैठकीला सहा. त्यातली एक मावशी, म्हणजे घरचीच. महिनाअखेर लाँड्रीतलं पाळणाघर बंद, अशी नोटीस लागली तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी — पाळ्यांमुळे एकमेकींची तोंडं दिसत नाहीत ना, मग मोबाइलवर जमू. मावशीच्या वेळच्या संपातली गाणी म्हणू. तीच म्हणत त्यांनी हे पाळणाघर मिळवलं होतं. कुठलं काय!

बुधवार, ५ फेब्रुवारी
सगळ्या एकदम गायल्या की आवाज मागेपुढे येतात, नुसता कालवा. म्हणून मी सगळ्यांचा आवाज बंद करते आणि एकटीच गाते. समोर काळ्या चौकटी. त्या गातायत की भांडी घासतायत, देव जाणे.
मावशी फोनवर चिडली. "अगं, बाईला बाईचा आवाज ऐकू येत नाही, ही कसली बैठक? त्यापेक्षा रेडिओ लाव!"
तिचं काय चुकलं? पण मला दुसरं काही सुचत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी
आज चारच. नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी मीच बसतो लिपस्टिक लावून, तेवढीच गर्दी." मला हसू आलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
इस्त्रीवर माझ्या शेजारी असते ना, तिला मी जवळची समजते. तीही बैठकीत तोंड दाखवत नाही. आज विचारलंच. "कॅमेरा कसा लावू गं? सासू तिथंच बसलेली असते. मी आपली ओठ हलवते."
ओठ हलवते! तिचा मुलगा आणि माझी चिमणी पाळणाघरात एकाच गादीवर झोपतात. पुढच्या महिन्यात त्याला कुठं ठेवणार, म्हटलं. तिने खांदे उडवले आणि पुढची चादर ओढली.

सोमवार, १७ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, गेली नोकरी! तर काय, चहा मागवला. "तुमचा गाण्यांचा उपक्रम फार छान हो. लोकगीतं टिकली पाहिजेत. वर्धापनदिनाला ऑनलाइन दाखवू, सगळ्या शाखांत." मग हळूच, "ते पाळणाघराच्या मागणीचं कडवं तेवढं वगळा."
कडव्याचं यांना कुणी सांगितलं, हे विचारायचंही सुचलं नाही. चहा प्यायले आणि बाहेर आले. स्वतःचाच संताप येतोय.

रविवार, २३ फेब्रुवारी
बैठकीत विचारलं, कडवं वगळायचं का? पटापट अंगठे वर! आज बऱ्याच जणी होत्या. सगळ्या शाखांत दिसायला मिळणार ना!
मावशी बैठकीतून निघून गेली. नंतर फोनही उचलला नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
झाला वर्धापनदिन. गायले मी, कडवं वगळून. बायकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, साहेबांनीही. दुपारी पाळणाघराला कुलूप लागलं. छोट्या छोट्या गाद्या पोत्यांत कोंबून नेल्या.
गाण्यांनी काही होत नाही. कधीच झालं नसेल. मावशीच्या वेळच्या बायकाच वेगळ्या असतील, आमच्यात दमच नाही. सासूबाईंना विचारलं, चिमणीला सांभाळाल का? हो म्हणाल्या. बैठकीचा ग्रुप बंद करून टाकला. रडूसुद्धा येत नाही.

सोमवार, ३ मार्च
सकाळी लाँड्रीत पोचले तर सगळी मशिनं बंद. चिडीचूप! बायका आपापल्या जागी उभ्या — कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हाताला धरलेलं. मशिनपाशी मूल दिसलं की वाफ सोडायची नाही, हा साहेबांचाच नियम. ते दारात लालबुंद होऊन उभे. ना घोषणा, ना गाणं.
इस्त्रीवाली म्हणाली, "परवाच ठरलं. तू तर ग्रुपच बंद केलास." मग मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत, "तुझी कुठंय?"
सगळ्यांत माझेच हात रिकामे. तशीच मागे फिरले आणि चिमणीला आणायला घरी पळत सुटले.