कुसुमच्या केसांतला कापूस

मारेगाव, १४ मार्च १९६२, संध्याकाळ

कुसुमच्या केसांत कापूस अडकला होता. अजून तोच दिसतोय.

परवा तिच्या बापाचं गोदाम जळालं. चांगल्या गठाणी आदल्या दिवशीच गाड्यांतून कळंबकडे गेल्या, मी पाहिल्या. जळाली ती नुसती किडकी कवडी, टाकाऊ कापूस. उद्या विमावाले मला विचारणार.

सकाळी तिचा म्हातारा बाप मला म्हणाला, "अर्धवट वकिला, तुले काही दिसलं नाही, समजलं?" डोकंच फिरलं. सांगणारच, म्हटलं!

मग विहिरीवर कुसुम. "बाबाले किती होईन रे?"

"चारशेवीस लागलं तं सात वर्षांपर्यंत." वकिलीचं कॉलेज सोडण्याआधी एवढंच शिकलो की काय मी?

तिनं केसांतला कापूस काढून माझ्या तळहातावर ठेवला. "खरं तेच सांग. पण बाबा सुटून येईस्तोवर थांबशीन माह्यासाठी?"

मूठ अजून उघडली नाही.