उद्या तुझा कॅमेरा माझ्या गळ्यात

प्रिय दादा,

तुझा कॅमेरा बिघडलेला नाही. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी आज दुपारी तो तपासून तसं सांगितलं. फोकस चालतो, फ्लॅशही पेटतो. उद्या अकराला तुझ्या प्रज्ञाचं लग्न आहे आणि फोटो मी काढायचेत. म्हणजे आता चुकलं तर ते माझंच! म्हणून लिहायला बसलोय. भीती वाटतेय रे.

तू गेलास तेव्हा पाऊस लागला होता. दमट हवेनं लेन्सला बुरशी धरेल म्हणून मीच वहिनीला म्हटलं, "तांदळाच्या डब्यात ठेवा." फोन भिजला की आपण तेच करतो ना? काकांनी फ्लॅशच्या खाचेतून कोंडा झाडला.

"तांदळात ठेवलात? पेज करायची होती की काय हो? या टोकांवर पिठाचा थर बसलाय, फ्लॅश पेटेल कसा?"

कोरड्या फडक्यानं टोकं पुसली आणि फ्लॅश पेटला. इतकंच होतं.

घरी येऊन सराव केला. वहिनी स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी नेसून भिंतीसमोर बसली. भिंतही पांढरी. लेन्स घुर्र करून पुढे, घुर्र करून मागे, कुठे ठरेचना.

"काय भावोजी, माझं तोंड सापडत नाही त्याला?" वहिनी हसली. तू गेल्यावर पहिल्यांदाच. तो फोटोही मी घालवला!

काकांना फोन केला. ते म्हणाले, नुसत्या पांढऱ्यावर कॅमेरा भांबावतो, त्याला कड लागते. फोकसचा मधला एकच ठिपका ठेवा, केस आणि कपाळ भेटतात तिथे धरा, बटण अर्धं दाबा, आवाज आला की पुरतं. जमलं. पण लगेच काढलेला दुसरा फोटो काळाकुट्ट! फ्लॅशला पुन्हा भरायला वेळ लागतो, त्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचं असतं. पेपरात जन्म गेला दादा, मला थांबायला शिकवलंय कुणी? लग्न आटोपून तू दमून यायचास, तेव्हा मी चेष्टा करायचो, "बटण तर दाबायचं असतं, त्यात काय दमायचं?" तू एकदाही उलटून का बोलला नाहीस?

आणखी एक धास्ती आहे. मांडवाचं कापड निळं आहे. फ्लॅश वर वळवला तर उजेड त्या कापडावरून परतणार, सगळे चेहरे निळे. समोरून मारला तर प्रज्ञाच्या पांढऱ्या साडीचा नुसता डाग. समोरूनच, ताकद कमी करून मारायचा असं ठरवलंय. बरोबर ना रे?

मी प्रज्ञाला म्हटलं होतं, "जयगडचा फोटोवाला सांगूया, गो." ती म्हणाली, "काका, बाबांनी अख्ख्या गावाची लग्नं काढली. माझ्याच लग्नात त्यांचा कॅमेरा घरी?"

बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. हार एकदाच घालतात. त्याचा खुलासा कुठे छापू?

एक शब्द देतो. फोटो धूसर आला तर 'कॅमेरा जुना होता' असं मी म्हणणार नाही. काकाचा हात हलला, असंच प्रज्ञाला सांगेन. आणि हात कितीही हलला तरी कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे देणार नाही.

सकाळी आठला गाडी येईल. अकराला मेणबत्त्या लागतील, त्रिसरण होईल, आणि मग ती दोघं हार घेऊन समोरासमोर उभी राहतील.

तुझा धाकटा,
बाळू