पडेल त्याचे पोहे

२ नोव्हेंबर, रविवार
आज बाईकच्या ग्रुपला पोहे खाऊ घातले. आमचा नियमच आहे, राइडवर जो पडेल त्याने सगळ्यांना तर्रीपोहे द्यायचे. मी कन्हानच्या रस्त्यावर पडले होते, टिप्परमधून सांडलेल्या रेतीवर. टाके निघाले, म्हणून आज माझी पाळी.

नियमाबद्दल तक्रार नाही. तक्रार निलेशबद्दल आहे. ज्या जॅकेटची बाही पहिल्याच घसरणीत खांद्यापासून उसवली ते त्यानेच मला विकलेलं. 'असली लेदर हाये वर्षा, तुह्यासाठी घरच्या भावात.' कोपराचं पॅड सरकून दंडामागे गेलं आणि कोपर रस्त्याने सोललं. आज हाच माणूस दोन प्लेट खातो, वरून तर्री मागतो, आणि सगळ्यांसमोर म्हणतो, 'पडनं तं तुह्या हातात होतं वं. जॅकेट बिचारं काय करन?' सगळे हसले. मीही हसले, म्हणजे दात दाखवले. यापुढे इथे तो नुसता नि. पूर्ण नावाला शाई कोण घालवणार.

४ नोव्हेंबर
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फाटकी बाही काउंटरवर घेतली आणि ब्लेडने कापली. आतून कापडाची वीण. रेक्झिन!

नंदनवन वस्तीत आमचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. लहानपणी दुपारची झोप रेक्झिनच्या गुंडाळलेल्या थानांवर काढली मी. आणि मलाच रेक्झिन विकलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मालाचं अस्तर उलटून बघते, याच्याच मालाचं नाही बघितलं. मित्र ना.

बाबांनी तुकडा बोटांत चोळला. 'हे तं आपल्या दुकानातल्यापेक्षाही हलकं हाये. सीटवर बसाले चालन, रस्त्यावर घासाले नाही.' मग जे हसायला लागले ते थांबेनात. आईने मात्र गाडीची चाबी काढून घेतली. 'पयले असली जॅकेट आन, मंग गाडी नेजो.' एकतीस वर्षांची बाई मी, आणि चाबी आईच्या मिसळणाच्या डब्याशेजारी. हेही नि.च्याच खात्यात.

८ नोव्हेंबर, शनिवार
जॅकेट बघत हिंडले. रिक्षाने. (हेही नि.)

सदर भागातल्या शोरूममधलं एक अंगाला असं बसलं की काढवेना. किमतीची चिठ्ठी पाहिली आणि काढलं. माझे आठ हजार त्यात नुसत्या बाह्यांना पुरले असते. बर्डीच्या बाजारात स्वस्त आहेत, खरं चामडंही आहे, पण लोण्यासारखं मऊ. पोऱ्या म्हणतो, 'मॅडम एकदम सॉफ्ट, हात लावून देखो.' मला सॉफ्ट कशाला? मला लग्नाला नाही जायचं त्यात. मी स्टुलावर गाडीवर बसल्यासारखी बसले, हात हँडलवर धरल्यासारखे पुढे केले. सगळ्या दुकानाला मजा. पण तसंच बघावं लागतं. उभं राहून पॅड कोपरावर असतं, हात पुढे केला की सरकतं. एकाच्याही बाहीत पॅड जागेवर राहिलं नाही.

कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. वेणी घालताना कळतं.

१२ नोव्हेंबर
नि.ने ग्रुपवर टाकलं: नवीन लॉट आला, दोस्तांसाठी स्पेशल रेट. दोघांनी पसंतीचे अंगठे टाकले.

ठरलं तर. तेवीस तारखेला चिखलदऱ्याची राइड आहे, सगळे पोह्याच्या ठेल्यावर जमतील. फाटकं जॅकेट घेऊन जायचं, ब्लेड घेऊन जायचं आणि प्रत्येकाला वीण दाखवायची. नि. तेव्हा तोंडात घास घेऊन असला पाहिजे. दिवसभर शिलाई मारताना हेच डोळ्यांपुढे होतं, आणि खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं. एका कारच्या सीटला उलटी पट्टी जोडली त्या नादात.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मिळालं!

कामठीच्या छावणीत एका साहेबांची बदली झाली, घरातलं सामान विकून राहिले होते. कूलर, पाळणा, सायकल आणि खुंटीला एक जॅकेट. उचललं तर खांदा वाकला इतकं जड. जाड चामडं, आधी अस्तर उलटलं, मग बोलले. चेन गेलेली, मापाने ढगळ. उजव्या खांद्यावर तळहाताएवढं खरवडलेलं. बाईसाहेब ओशाळल्या, 'ये एक बार गिर चुका है, इसलिए कम में दे रहे हैं.' मनात म्हटलं, म्हणून तर घेते. पडलंय आणि शिवण जागेवर आहे. नव्या जॅकेटची एवढी खात्री कोण देणार? बजेटमध्ये बसलं, वर चेन आणि नवी पॅडं येतील एवढे उरले.

१८ नोव्हेंबर
जाड मालाच्या मशीनवर तीन सुया मोडल्या. चेन बसवली, कुशीतून मापाला आत घेतलं, खांद्याला दुहेरी टीप. कोपराचे खिसे उसवले आणि माझ्या हाताच्या मापाने नवे शिवले, खुर्चीवर राइडच्या बैठकीत बसून, बाबांना खडूने खूण करायला लावून. आता हात वाकवा, ताणा, पॅड हलत नाही. बाबा म्हणाले, 'आता पडून पाह्य.' आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाहेर जाऊन उभे राहिले.

२० नोव्हेंबर
दुपारी पल्लवी आली दुकानात. नि.ची बायको. हातात पिशवी, पिशवीत जॅकेट.

'वर्षाताई, थोडं कमरेत घेऊन द्या ना. यायनं माह्यासाठी बी आनलं. दोघायचं मॅचिंग. मी बी चालली ना चिखलदऱ्याले!'

हातात घेतल्याबरोबर कळलं. तोच लॉट. म्हणजे नि. स्वतः तेच घालून, बायकोला तेच घालून घाटात जाणार. आता त्याला काय म्हणू? इतके दिवस हरामखोर म्हणत होते, हा तर गाढव निघाला. गाढवाचा सूड घ्यायला तेवढी मजा नाही.

'लेदर हाये ना वं चांगलं?' तिने विचारलं.

'उद्या घेऊन जा,' एवढंच बोलले मी. सांगितलं असतं तर तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं आणि माझा ठेल्यावरचा रविवार गेला असता. कमरेत घेऊन दिलं. पैसे घेतले नाहीत.

दवाखान्यात मला टाके घालताना हीच माझा दुसरा हात धरून बसली होती. नि. तेव्हा बाहेर माझ्या गाडीचा आरसा शोधत होता.

२१ नोव्हेंबर
लिहूनच टाकते. तो पडावा असं मला वाटतं. घाटात नाही, कुठे तरी सपाट रस्त्यावर, हळू. कोपर सोललं पाहिजे, माझ्यासारखं. बाही हातात यावी त्याच्या. मग त्याने पोहे द्यावेत आणि मी दोन प्लेट खाऊन तर्री मागावी. इथपर्यंत सगळं छान दिसतं. मग त्याच गाडीवर मागे पल्लवी बसलेली दिसते.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आईने जॅकेट हातात तोलून बघितलं आणि चाबी दिली.

ठेल्यावर सगळे होते. नि.च्या तोंडात घास होता. मी फाटकी बाही काढली, ब्लेड काढलं आणि मोठ्याने म्हटलं, 'बघा रे, लेदर कसं विणतात.' वीण सगळ्यांनी हात लावून बघितली. ज्या दोघांनी अंगठे टाकले होते ते नि.कडे बघायला लागले. तेवढा क्षण माझा होता.

मग नि.ने घास गिळला. 'मले बी तसंच सांगून देलं ना माल. आन तू तं रेक्झिनवाल्याची पोरगी. तुले नाही समजलं, तं मले काय घंटा समजन?'

हसले. सगळे हसले, हसं माझंच झालं. कानशिलं तापली. इतक्या दिवसांची तयारी, आणि एका वाक्यात पोह्यावरच्या शेवेसारखी उडवून दिली.

पल्लवी तेवढी हसली नाही. स्वतःच्या जॅकेटची बाही उलटून बघत होती, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. मी कमरेत घेऊन दिलेलं जॅकेट.

मी माझं काढलं. तिच्या अंगातलं उतरवलं, माझं चढवलं, गळ्यापर्यंत चेन लावली. नि.ला म्हटलं, 'बायकोले मी माह्यं घातलं. तू जा तुह्या मालात.' यावर कोणी हसलं नाही. नि.चं तोंड असं उतरलं की तो दिवस मी जपून ठेवीन. कोणीतरी त्याला म्हणालं, हे घालून नको जाऊ, परत जा. त्याने ऐकलं नाही. हेल्मेट घातलं आणि मुद्दाम जोरात काढली गाडी. तेच जॅकेट घालून. पल्लवीने मागच्या सीटवरून हात हलवला, बोटांची टोकं तेवढी बाहीबाहेर होती.

घरी आले. आईने विचारलं, 'जॅकेट कुठी हाये?'

'पल्लवीच्या अंगावर.'

आईने हात पुढे केला. मी चाबी दिली.

आजच, दुपारी
ग्रुपवर आलंय: 'घाटात एक गाडी पडली. पोहे पक्के.' बस, एवढंच. कोणाची, ते नाही. त्यानंतर कोणाचाच फोन लागत नाही, घाटात रेंज नसते. नि.चाही लागत नाही. पल्लवीचाही.

हेच मागितलं होतं ना मी? आई म्हणते, तू तिला चांगलं जॅकेट दिलं, काही होणार नाही. बाबा रस्त्याकडे बघत दारात उभे आहेत. त्यांनीच खडूने पॅडाची खूण केली होती, माझ्या कोपरावर. पल्लवीचा हात माझ्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड आहे.