ताट फिरवण्याआधी बटण दाब

नानाय,

मायक्रोवेव्ह चालू झालाय. दाराचा स्विच जळला होता, नवा बसवलाय.

जेवणाच्या वेळी घरातून कुणी निघालं की सुखरूप पोहोचावं म्हणून तू ताट जागच्या जागी फिरवतेस, ते ठीक. पण मी चपला घातल्या की तू बांगूस मासा गरम होत असतानाच खाडकन दार उघडून आतलं ताट फिरवतेस. त्यानं स्विचमध्ये ठिणगी पडते. आधी बंदचं बटण दाबत जा. खरं तर ते ताट आपणहूनच फिरतं, मला तेवढं पुरे.

बाबा निघाले तेव्हा ताट फिरवायचं राहिलं म्हणून काही त्यांची बोट बुडाली नाही, नानाय. वादळ होतं.

तुझा डोळा लागला होता, उठवलं नाही. निघताना तुझ्या वतीनं ताट एकदा फिरवून ठेवलंय.

तुझा मुलगा, रोमेल