पाण्यात सोडलेला हात

ठाणे, माघ वद्य द्वितीया, शके १८१५

प्रिय तुळसा,

अक्षर पाहून घाबरू नकोस. पत्र मीच लिहितोय, पण डाव्या हाताने. शाळेत फळ्यावर कित्ता काढू लागलो की मुलं गालातल्या गालात हसतात. हसू देत. गुरुजींचा ‘क’ त्यांच्यापेक्षा वाकडा येतो, हे खरंच आहे.

तुझ्या आईला कळवलं होतं, मुंबईच्या इस्पितळातली शस्त्रक्रिया छान झाली. झालीच गं ती. मणक्यावरचं गळू गेलं, पायांत जोर आला, परवा खाडीपर्यंत चालत गेलो. उजवा हात मात्र उठत नाही. मनगट ओल्या फडक्यासारखं लोंबतं.

क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर मला फार गोड स्वप्न पडलं. महिपत नावाड्याच्या पडावात मी पालथा पडलोय, उजवा हात कडेवरून पाण्यात सोडलाय. भरतीचं कोमट पाणी बोटांमधून जातंय, लांब मिठाचे पांढरे ढीग, आणि काठावरून तू काहीतरी विचारतेयस. उत्तर द्यायचं होतं, पण पाण्यातून हात काढावासाच वाटेना. जागा झालो तो हात तिथेच ठेवून. डॉक्टर म्हणाले, पालथं निजवलं होतं, हात टेबलाच्या कडेवरून लोंबत राहिला आणि नस दबली. असं क्वचितच होतं म्हणे. परत येईल का, तर बहुधा येईल, पण वचन देत नाही म्हणाले. मला अजून वाटतं, तो खाडीतच हिंडतोय. मधूनच मुंग्या येतात आणि मी वेड्यासारखा आशेने बघत बसतो.

मुलगा दीड महिन्याचा झाला, बाप बघायला का येत नाही, असं तू कितीदा विचारलंस. रुसलीस, ते बरोबरच. पाठीचं दुखणं नुसतं निमित्त होतं. तू बाळ पुढे करशील आणि माझा हात वर येणार नाही, याची मला भीती वाटत होती.

काल तुझा धाकूमामा कल्याणहून आला. बाळाच्या मुठी अजून घट्ट मिटलेल्या असतात, म्हणाला. मला हसूच आलं. त्याची मूठ उघडत नाही, माझी मिटत नाही, बापलेकांचं चांगलं जमेल. म्हणून हे पत्र. गुरुवारी भरतीबरोबर महिपतच्या पडावातून येतोय. बाळाला माझ्या मांडीवर दे आणि माझ्या उजव्या हाताचं बोट त्याच्या मुठीत घाल. मला कळलं तर मी सांगेनच. नाही कळलं, तर तू सांग, त्याने धरलंय म्हणून.

दोन्ही हातांनी तुझाच,
गोपीनाथ