तुंग तेलाचे दोन हात

चेंगदू. श्वानतोंग बादशहाचं तिसरं वर्ष, सातवा महिना, तिथी ३

आज पोट दुखेपर्यंत हसले! आमच्या प्रांताने वर्गणी काढून उभारायला घेतलेली रेल्वे दरबाराने परक्या बँकांच्या घशात घातली, म्हणून दुकानं बंद. गल्लोगल्ली मांडव घालून मागच्या बादशहाच्या नावाच्या पाट्या पुजल्यात. त्याच्याच राज्यात रेल्वे आम्हाला मिळाली होती ना! पाटीपुढून मेण्यात बसून जाणं म्हणजे गुन्हा. एक बडे अंमलदार आमच्या गल्लीत आठदा खाली उतरले! बाबा छत्रीच्या काड्या तासता तासता ओरडले, "हुजूर, सांभाळून! पुढे अजून बारा आहेत!"

त्या पाट्या शूहेंगदादाने लिहिल्यात. काय ऐट त्याची!

तिथी १५

दादाला धरलं. रेल्वेसाठी लढणाऱ्या पुढाऱ्यांना सुभेदाराने पकडलं, त्यांना सोडा म्हणायला लोक सुभेदाराच्या वाड्यावर गेले होते. हातात उदबत्त्या होत्या त्यांच्या! गोळ्या घातल्या. दादा जिवंत आहे, कोठडीत. वेशी बंद, तारा तुटलेल्या. बाहेर कुणालाच पत्ता नाही.

तिथी १६

लाकडी फळ्यांवर निरोप लिहून पाण्यात सोडायचे — शहरात बऱ्याच घरांत हेच चाललंय. मीही लिहिलं: "चेंगदूत गोळीबार. माणसं कोठडीत. धावून या." वर घाईघाईने तेल फासलं. बाबांनी एक फळी बादलीत बुडवली. शाई सुटली!

"पावसातल्या छत्रीला तुंग तेलाचे दोन हात, आणि पोराच्या जिवाला एकच?"

सगळ्या फळ्या पुन्हा पहिल्यापासून केल्या. रडत रडत केल्या.

तिथी १८

धुण्याची टोपली घेऊन कालव्यावर गेले. वर बाबांच्या विजारी, खाली फळ्या.

शिपाई म्हणाला, "एवढं धुणं?"

"म्हातारा फार घामट आहे. हुंगून बघता?"

तो नाक मुरडून बाजूला झाला. कालवा तटाखालून नदीला मिळतो. गेल्या! एकही बुडली नाही!

तिथी २१

गावोगावची माणसं कोयते, भाले घेऊन वेशीबाहेर जमलीत. तटावरून ढोल ऐकू येतात. बाबा चक्क गातायत.

दहावा महिना, तिथी ७

बादशाही गेली! प्रांत आमचा! दादा घरी आला — हाडांचा सापळा, पण हसतोय. तिखट शेवयांचे तीन वाडगे संपवले. संध्याकाळी नदीकाठच्या गावचा एक नावाडी माझी फळी घेऊन आला. एक रेघ पुसली नव्हती! बाबांनी ती दुकानाच्या दारावर ठोकली. येईल त्याला सांगतात, "पोरीचं अक्षर, माझं तेल." आज मला कुणी राणी म्हटलं असतं तरी कमी वाटलं असतं.

प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष, अकरावा महिना, १९

दादा वर्षभरापासून नव्या सरकारात कारकून आहे. आज त्यानेच हुकूम वाचून दाखवला. रेल्वे राजधानीच्या ताब्यात. पुन्हा परक्या बँकांचं कर्ज.

"बाबा, आता सरकार आपलं आहे. समजून घ्या."

बाबांनी तेलाची कढई चुलीवर चढवली.

मी शाई उगाळायला बसले.